रातीची बैठक

ज्योतीरामला त्या रात्री सांगितलेलं काम अगदी साधं होतं. काळेवाडीतनं निघायचं, चऱ्होलीला यशोदाआक्कांकडं जायचं, त्यांच्याजवळचा सोटा घ्यायचा आणि कुरुळीला उद्धवतात्यांच्या शेडवर आणून द्यायचा. गाडी तात्यांचीच होती, छोटा पिकअप. बायकोनं, विजयश्रीनं, दत्ताच्या देवळातला सुंठवडा कागदात बांधून दिला तो त्यानं डॅशबोर्डवर टाकला, कानाला मफलर गुंडाळला आणि निघाला. साल दोन हजार चोवीस, डिसेंबरची चौदा तारीख, शनिवार, दत्तजयंती. चांदणं असं पडलं होतं की हेडलाइट नसते लावले तरी चाललं असतं.

सलिल, पाय जवळ घेऊन बस बाबा. भुताची गोष्ट आहे म्हणून नव्हे, गच्चीवर गारठा आहे म्हणून. आणि सुखदा, तू हसतेयस ते दिसतंय मला अंधारात. हस. पण मी सांगतोय ते ऐकीव नाही. म्हणजे ऐकीवच आहे, पण ज्याच्यावर गुदरलं त्याच्याच तोंडून ऐकलेलं. ज्योतीराम आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. हल्ली तो बाहेर पडत नाही, आपणच जावं लागतं.

त्याचं गाव साताऱ्याकडचं, येरळेच्या काठचं. कळंबखोरी म्हणू आपण. नकाशात शोधू नका, नाव मी बदललंय. तर बेचाळीसच्या चळवळीनंतर त्या मुलखात लोकांनी इंग्रजाच्या छाताडावर बसून स्वतःचं वेगळं राज्य चालवलं होतं, हे तुम्ही शाळेत दोन ओळींत वाचलं असेल. पुस्तकात त्याला प्रतिसरकार म्हणतात. लोक म्हणायचे पत्री सरकार. दोन-चार वर्षांचाच कारभार, पण रुबाब असा की कोर्ट त्यांचं, पोलीस त्यांचे, लग्नंसुद्धा तेच लावायचे. दरोडेखोर त्यांच्या नावानं वाट सोडायचे. आणि फितुराला ते पत्री मारायचे. पत्री म्हणजे काय, यावर आजही कट्ट्यावर भांडणं होतात. कुणी सांगतं, बैलासारखे नाल ठोकायचे. कुणी सांगतं, माणूस पालथा पाडून तळपायावर सोटे घालायचे, हाडांचा भुगा होईतोवर. कळंबखोरीची रीत ही दुसरी, तळपायाची. आणि त्या रीतीतही एक अट होती. सोटा गावातल्या प्रत्येक पुरुषानं एकेकदा मारायचा. कुणी सुटायचं नाही. सगळ्यांचेच हात लागले की उद्या पोलिसांपुढं साक्ष द्यायला उरतो कोण?

आता हेच कळंबखोरीकर पोटापाण्यासाठी इकडं आले. काळेवाडी, थेरगाव, भोसरी मिळून सत्तर-ऐंशी घरं असतील. पोरं इथं जन्मली, इथल्या शाळांत शिकली, तरी कुणी गाव विचारलं की छाती पुढं काढून सांगतात, आम्ही पत्री सरकारवाले. भाऊबंदकी असो, नवरा-बायकोचं असो, पोलीस चौकी चढायची नाही. उद्धवतात्या कुरुळीतल्या आपल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जाजम अंथरणार, मधोमध सोटा ठेवणार, आणि फिर्यादीनं सोट्यावर हात ठेवून खरं बोलायचं. एवढंच. हा सोटा त्याच काळातला, बाभळीचा, मनगटाएवढा. पण सरकार मोडल्यापासून तो कुणाच्या पायाला लागला नव्हता. शपथेपुरता होता. एक नियम मात्र कडक होता. सोटा आणायला फिर्यादीनंच जायचं.

म्हणून ज्योतीराम गेला होता.

फिर्याद काय होती, तेही ऐका. चाकणला एका कंपनीत, नाव कशाला घ्या, गाड्यांचे पत्रे दाबायचं काम चालतं. तिथल्या कंत्राटी पोरांनी गुपचूप युनियन जमवली. पुढारी बुद्धरत्न नावाचा उदगीरकडचा पोरगा. हुशार, हसतमुख, डब्यातली शेंगाचटणी सगळ्यांना वाटणारा. कुणीतरी त्यातली नावं वर पोचवली. एके सकाळी आठ जणांना गेटवरनंच परत पाठवलं. बुद्धरत्नला परत नाही पाठवलं. त्याला संध्याकाळी रस्त्यात गाठलं. चौघं होते, हातात लोखंडी पाइप. जबडा तीन ठिकाणी मोडला, डावा डोळा गेला. आई त्याला नळीनं पेज पाजते. कुणी मारलं ते कुणालाच सिद्ध करता आलं नाही.

मग चहाच्या टपरीवर मराठवाड्याच्या पोरांनी कळंबखोरीवाल्यांना सुनावलं. म्हणाले, फुटला तो तुमच्यातलाच. तुमच्या पत्री सरकारच्या गोष्टी आता आम्हाला सांगू नका राव. हे तात्यांच्या कानावर गेलं. म्हातारा दोन दिवस जेवला नाही.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. नावं ज्योतीरामनंच दिली होती. अकरा वर्षं कंत्राटात काढली होती त्यानं. ज्याला काम शिकवलं तो पर्मनंट झाला, हा तिथंच. साहेबानं केबिनमध्ये बोलावून त्याला विचारलं, पर्मनंटच्या यादीत नाव हवंय का? त्यानं आठ-नऊ नावं सांगितली. त्याला वाटलं, काढतील फार तर. बुद्धरत्नचं तोंड त्यानं दवाखान्यात पाहिलं तेव्हा बाहेर येऊन ओकला. पण पर्मनंटचं पत्र खिशात पडलेलं होतं, आणि गावातली माणसं फितूर हुडकायला निघालेली. मग त्यानं हळूच एक नाव पुढं सरकवलं. गणराज.

गणराज का? कारण गणराजच्या आज्याला त्या काळात पत्री बसली होती; मोडलेले पाय आजीनं कैक महिने शेकून बांधले होते. त्यानं म्हणे कुणाचं तरी नाव पोलिसांना सांगितलं होतं. एवढं पुरे होतं. पुरावा मागायला कुणी उठलंच नाही.

तर यशोदाआक्का. नव्वदीच्या पलीकडं गेलेली बाई. चऱ्होलीला नातवाच्या फ्लॅटमध्ये नवव्या मजल्यावर, बाल्कनीत नऊवारीचा पदर डोक्यावर घेऊन बसलेली. लहानपणी भूमिगतांना ओढ्यात भाकरी पोचवायची, त्यामुळं सोटा तिच्याकडं. तिनं कपाटामागनं तो काढला, काळ्या घोंगडीत गुंडाळलेला. पण हातात दिला नाही. मांडीवर आडवा धरून बसली.

"दिसाचं बसनार न्हवं?" तिनं विचारलं.

ज्योतीराम म्हणाला, उद्या सकाळी, नाश्ता झाल्यावर. खरं तर बैठक त्याच रात्री होती. निम्मी माणसं सेकंड शिफ्टला, उरलेली पहाटे फर्स्टला. सगळ्यांना सापडणारा वेळ एकच, सेकंड सुटल्यावरचा. तात्याच म्हणाले होते, जुनं तेवढं धरून बसलो तर न्याय कधी करायचा, इथं शिफ्ट सांभाळून करावा लागतो.

"बरं," आक्का म्हणाली. "दिसाची बैठक आपली. रातीची त्यांची. त्या वक्ताला समदं रातीच चालायचं रे, उजाडलं की पांगायचे. राती जाजम टाकलं तर त्ये यीत्यात बसायला. मग सोटा तुमच्या हातात ऱ्हात न्हाई."

ज्योतीराम हसला. आक्का हसली नाही. तिनं आणखी एक सांगितलं. सोटा एकदा उचलला की तो फिर्यादीच्याच तोंडानं खाली बसतो. फिर्यादीनं फिर्याद मागं घेतली तर. नाहीतर गाव संपेस्तोवर फिरतो.

"फिर्याद खरी हाय न्हवं?"

त्यानं मान हलवली. तिनं सोटा दिला. त्यानं तो केबिनमध्ये शेजारच्या सीटवर ठेवला.

आळंदी मागं पडली. केळगावचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना अर्धवट इमारती, मध्येच उसाचा एखादा तुकडा. आणि स्टिअरिंग हलकं लागायला लागलं. ज्यांनी मालाची गाडी चालवलीय त्यांना कळेल. मागं वजन फार झालं की गाडीचं नाक वर होतं, पुढची चाकं रस्ता नीट धरत नाहीत. त्याला वाटलं, मागचं चाक बसलं असणार. गाडी बाजूला घेऊन उतरला. चाकात हवा होती. पण चाकावरचे स्प्रिंगचे पाटे साफ दबलेले, टायर मडगार्डला टेकायला आलेले. खडी भरल्यावर बसावी तशी गाडी बसली होती. मागचा हौदा मात्र मोकळा. चांदण्यात पत्र्यावरचा गंजसुद्धा दिसत होता. नुसता ओल्या घोंगड्यांचा वास येत होता.

आणि हौद्यात कुणीतरी खोकलं.

एकदाच. तोंडावर हात धरून, दबक्या आवाजात. लपून बसलेला माणूस खोकतो तसं.

ज्योतीराम केबिनमध्ये बसला आणि काच वर केली. परत जायचा विचार त्यानं केला, नाही असं नाही. पण परत जाऊन सांगणार काय? सोटा गेला नाही तर तात्या विचारणार, का? हजार प्रश्न निघणार. त्यानं गिअर टाकला.

चिंबळीजवळ नाकाबंदी होती. हवालदारानं काठी आडवी केली, गाडी थांबली. टॉर्च आधी ज्योतीरामच्या तोंडावर, मग मागं हौद्यावर. हवालदार चिडून म्हणाला, "मालाच्या गाडीत किती माणसं कोंबलीस रे? त्यांना पाय आत घ्यायला सांग. रस्त्याला लागतायत."

हवालदार टॉर्च घेऊन मागं गेला. मग तो पुढं आला. टॉर्च विझवलेली. ज्योतीरामकडं न बघता त्यानं हातानंच खूण केली. जा.

तुम्ही विचाराल, मग हा पळाला का नाही? मीही विचारलं त्याला. म्हणाला, गाडी सोडून पळालो असतो तर ते उतरले असते.

शेडवर बैठकीला बोलावलेली माणसं जमली होती. तात्या धरून सहा, आणि ज्योतीराम सातवा. काही जण कंपनीच्या युनिफॉर्मवरच आलेले, पायात सेफ्टी शूज. कुणी व्हिडिओ काढू नये म्हणून सगळे मोबाइल रंगाच्या रिकाम्या बादलीत जमा करून बाहेर ठेवले. जाजम अंथरलेलं. वर एक ट्यूब. आणि कोपऱ्यात स्टुलावर गणराज. त्याला कुणी धरून आणलं नव्हतं. तुझ्यावर फिर्याद आहे म्हणून निरोप गेला आणि तो आपणहून आला. काटकुळा माणूस, त्याच कंपनीत वेल्डिंग करतो, डोळे कायम लाल. तात्यांनी शटर ओढलं. ओढल्यावरही ते मधेच थोडं उचललं गेलं आणि परत खाली बसलं, कुणी वाकून आत यावं तसं. फक्त ज्योतीरामनं पाहिलं.

तात्यांनी घोंगडी सोडली, सोटा मधे ठेवला. फिर्यादी कोण, असं रीतीप्रमाणं विचारलं. ज्योतीराम पुढं झाला, सोट्यावर हात ठेवला. बाहेर इतका गारठा, पण लाकूड गरम होतं. नुकतंच कुणाच्या तरी मुठीतनं सुटल्यासारखं.

त्यानं सांगितलं, गणराजला मी साहेबाच्या केबिनमधनं निघताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी पोरांना काढलं.

तात्यांनी गणराजला विचारलं, तुझं काय म्हणणं. तो म्हणाला, मी न्हाई गेलो. मग कोण गेलं? गणराजनं ज्योतीरामकडं पाहिलं. रागानं नाही. उघड्या गटाराकडं चाललेल्या माणसाकडं आपण बघतो तसं.

ज्योतीरामच्या लक्षात आलं. याला माहीत आहे. यानं पाहिलंय.

"नाव सांग," तात्या म्हणाले. "आत्ता सोडतो तुला."

"आमच्या घरात नाव सांगत न्हाईत, तात्या," गणराज म्हणाला. "एकदा सांगितलं व्हतं. तेवढं बास झालं."

दुसरा कुणी असता तर एवढ्यावर थांबला असता. तात्याही म्हणे घाबरवायलाच आले होते, मारायला नाही. पण सातजणांत एक जण कामावरनं काढलेल्या एका पोराचा भाऊ होता. तो उठला आणि बुद्धरत्नच्या तोंडाची हालत सांगायला लागला. डोळा कसा बाहेर लोंबत होता, दात कसे शर्टाच्या खिशात सापडले. सांगता सांगता त्यानं गणराजच्या पेकाटात लाथ घातली. स्टूल कलंडलं. मग दोघांनी त्याला पालथा केला, एकानं पाठीवर गुडघा रोवला, एकानं पायातल्या चपला भिरकावल्या आणि घोटे लोखंडी बाकड्यावर बांधले.

तात्या उभे राहिले. ते म्हणाले, प्रत्येकानं एक.

पहिला मान फिर्यादीचा. ज्योतीरामनं सोटा उचलला आणि त्याच्या डोक्यात एकच होतं. याला बोलू द्यायचं नाही. दोन सोट्यांनी, चार सोट्यांनी याचं तोंड उघडलं तर संपलं सगळं. नोकरी, गाव, घर. मराठवाड्याची पोरं जिवंत सोडणार नाहीत. म्हणून त्यानं असा मारला की गणराजची शुद्धच जावी. खांद्याच्या मागनं आणून, दोन्ही हातांनी. ओल्या कणकेवर पाटा पडावा तसा आवाज झाला. गणराजनं डोकं फरशीवर आपटलं. बोलला नाही.

दुसरा. तिसरा. चौथ्याला टाच फुटली, रक्त बाकड्यावरनं ओघळलं. पाचव्यानं डोळे मिटून मारला तो घोट्यावर बसला. सहावा भाऊ होता त्या पोराचा, त्यानं मारला आणि थुंकला. सातवे तात्या. म्हातारा रडत होता, पण मारला. रीत होती.

सात झाले. गाव संपलं. तात्यांनी सोटा गुंडाळायला ज्योतीरामपुढं धरला. यानं हात पुढं केला...

लाइट गेली.

काळोख असा की डोळे उघडे की मिटलेले, कळेना. कुणी मोबाइल चाचपला असेल, पण मोबाइल बादलीत, बादली बाहेर. ज्योतीरामचा हात तसाच पुढं. सोटा येईना. तात्यांच्या हातातनं सुटला होता, आणि याच्या हातात आला नव्हता.

मधे कुणीतरी घेतला.

फाट्.

आठवा.

ज्योतीरामला वाटलं, त्या पोराचा भाऊ असेल, राग निघाला नसेल. तो म्हणणार होता, बास रे. तेवढ्यात पावलं सरकली. अनवाणी पावलं, फरशीवर घासत, एकामागनं एक. रांग पुढं सरकते तशी.

फाट्.

मग सरकणं. मग सोटा एका हातातनं दुसऱ्या हातात जातो त्याचा बारीक आवाज.

फाट्.

ओल्या घोंगड्यांचा वास. तंबाखूचा. ओढ्याच्या चिखलाचा.

प्रत्येक सोटा निराळा होता, पोरांनो. अंधारात कळत होतं. एक पैलवानाचा. एक डावखुऱ्याचा, तिरका. एक म्हाताऱ्याचा, आधी दम खाऊन मग मारलेला. आणि एक हलका... अगदी हलका... मारणाऱ्याच्या हाताला सोटा जड होता. पोर असणार ते. दहा-बारा वर्षांचं.

गणराजचा आवाज नाही. हुंकार नाही. काहीच नाही.

ज्योतीरामला दबलेले पाटे आठवले. मडगार्डला टेकलेले टायर. म्हणजे किती होते? किती उरले?

फाट्.

मरतोय तो. माझ्यासमोर मरतोय.

आक्का म्हणाली होती, सोटा फिर्यादीच्याच तोंडानं बसतो. एक वाक्य. फक्त एक वाक्य बोलायचं. त्यानं तोंड उघडलं आणि त्याला पर्मनंटचं पत्र आठवलं. विजयश्रीनं ते देवापुढं ठेवलं होतं, हळद-कुंकू लावून. त्यानं तोंड मिटलं.

फाट्.

सरकणं.

फाट्.

कुठंतरी थेंब पडत होते. सावकाश.

"मी."

इतक्या हळू की त्यालाच ऐकू आलं नाही.

फाट्.

"मी. मी दिली नावं. गणराज न्हवं. तो गेलाच न्हवता. मी गेलो व्हतो. मी, ज्योतीराम... फिर्याद खोटी हाय. माझी फिर्याद खोटी हाय."

सरकणं थांबलं.

रांग थांबली. शेडभर माणसं उभी आहेत आणि श्वास धरून आहेत, असं वाटत होतं. ज्योतीराम म्हणतो, त्या क्षणी त्याला फार हलकं वाटलं. वाटलं, सुटलो.

मग त्याच्या पायाशी कुणीतरी बसलं. बसताना गुडघे वाजले.

बुटाच्या नाडीला हात लागला. गाठ घट्ट होती. बोटं घाई करत नव्हती. एक पदर सोडवला. दुसरा. बूट ओढून काढला, बाजूला ठेवला. मग दुसरा बूट. मग मोजे, एकेक करून, वरून खाली गुंडाळत. घोटा गार मुठीत धरला. तळव्यावरनं एक हात फिरला, धूळ पुसल्यासारखा. पुन्हा एकदा फिरला.

 

मग कानाशी आवाज आला. चिडलेला नाही. गावाकडचा, थकलेला. शेतातनं आल्यावर पोराला काम सांगावं तसा.

"पालथा हो."

लाइट आली.

बाकीच्यांना विचाराल तर ते सांगतात, लाइट गेली ती बिडी पेटवायला लागावा तेवढाच वेळ. त्यांनी सोट्याचा आवाज सातनंतर ऐकलाच नाही. पावलं नाहीत, वास नाही. त्यांनी फक्त ज्योतीरामचा कबुलीजबाब ऐकला. गणराज शुद्धीवर होता, त्यालाही विचारलं. तो म्हणाला, मला सातच बसले.

ज्योतीराम जाजमावर पालथा पडलेला होता. बूट शेजारी जोडीनं लावलेले. मोज्यांच्या घड्या बुटात. सोटा पार भिंतीशी, कुणाचाच हात पोचणार नाही एवढा लांब.

त्या पोराच्या भावानं त्याची कॉलर धरली. फितुरा, ऊठ, म्हणाला, आणि खेचून उभा केला. ज्योतीराम असा किंचाळला की शटरचा पत्रा थरथरला. पाय धरत नव्हते. पिळून टाकलेल्या कपड्यासारखे अंगाखाली दुमडले. भावानं कॉलर सोडली आणि मागं सरला. तात्यांनी वाकून तळवे पाहिले. ओरखडा नव्हता. पुसून ठेवल्यासारखे स्वच्छ.

दोघांना त्याच पिकअपच्या हौद्यात घातलं, शेजारी शेजारी, आणि चाकणला एका छोट्या दवाखान्यात नेलं. वाटेत ज्योतीराम गणराजची माफी मागत होता. गणराजनं एवढंच म्हटलं, आता गप पड. दवाखान्यात विचारलं, काय झालं? तात्या खाली बघायला लागले. गणराज म्हणाला, मशिनवरनं पडलो. तिथंही त्यानं नाव सांगितलं नाही.

रात्रपाळीला स्वरूपा म्हणून तरुण डॉक्टरीण होती. तिनं दोघांच्याही पायांचे एक्स-रे काढले. गणराजला सूज होती, टाचेला टाके पडले, पण हाड एकही मोडलेलं नव्हतं. मग तिनं ज्योतीरामची फिल्म उजेडावर लावली. बाहेर जाऊन मशीन तपासून आली. पुन्हा एक्स-रे काढला. तोही शेजारी लावला.

तिनं विचारलं, याआधी हे कधी पडले होते का. तात्या म्हणाले, काल दिवसभर प्रेसवर उभा होता हा, पुरी शिफ्ट.

"ते शक्य नाही," ती म्हणाली. तिनं पेन फिल्मवर टेकवलं. टाच, तळवा, बोटं. दोन्ही पायांतलं एकूण एक हाड मोडलेलं होतं. आणि सांधलेलं होतं. आज मोडलेलं नव्हतं, काल नव्हतं. गावठी हातानं, पण फार मायेनं बसवलेली हाडं होती ती. करंगळीचं इवलंसं हाडसुद्धा कुणीतरी जागेवर आणून बांधलेलं. महिनोन्‌महिने शेकलं असणार, असं ती म्हणाली. आणि त्यावरही कितीतरी काळ गेलेला होता. सत्तर-ऐंशी वर्षं तरी, असा तिचा अंदाज.

"यांचं वय काय?" तिनं विचारलं.

शेजारच्या खाटेवरनं गणराज म्हणाला,

"छत्तीस."